मवाबच्या राजाकडून

९ जानेवारी

पुढारी,

हे नाव मी ठेवलेलं नाही. तुझ्या बेकरीतल्या माणसांनी ठेवलंय आणि अजून ती तुला तेच म्हणतात. मी आपली त्यांच्या मागून.

तुझा पत्ता गाडीवाल्याने दिला. पावाच्या गाडीवर होता तोच. आता फर्निचर पोचवतो. गोदामाच्या मागच्या दाराशी तू खोकी रचत होतास, त्याने हाक मारली आणि तू मान फिरवलीस म्हणे. वर मलाच समजावतो, "वहिनी, त्यांना ऐकू गेलं नसेल हो, तिथे आवाज फार असतो." तुझी बाजू घ्यायची त्याची खोड काही जात नाही. फोनचा नंबर तू बदललास म्हणून हे पत्र. पत्र नको असेल तर फाडावं लागेल आणि फाडायच्या आधी निदान दोन ओळी तरी नजरेखालून जातील, एवढाच माझा हिशेब.

घाबरू नकोस, रडगाणं गात नाही. इथे सगळे ठीक आहेत. आई ठणठणीत. बाबांना जरा खोकला आहे, थंडीत होतो तसा. माझं दुकान चालू आहे. चष्म्याच्या काचा घासायच्या यंत्रावर मालकांनी आता मलाच बसवलंय, त्यामुळे संध्याकाळी नखांत पांढरी पूड असते आणि आई म्हणतात, तू पण बेकरीत लागलीस की काय.

बेकरीच्या फाटकाला संपापासूनचं कुलूप अजून आहेच. मालक परत उघडणार नाहीत असं आता सगळेच धरून चाललेत.

सांगायचं म्हणजे बुधवारचा बायबलचा अभ्यास पुन्हा सुरू झालाय. तू गेल्यावर बाबांनी शास्त्र मिटून ठेवलं होतं. मग एका बुधवारी भट्टीकाका आले. ज्यांचा हात भाजला आणि मालकांनी घरी बसवलं, ज्यांच्यासाठी तू सगळ्यांना फाटकाबाहेर काढलंस, तेच. तुझी खबर विचारायला आले होते. आमच्याकडे खबर नव्हती, तर नुसतेच बसून राहिले. बाबा म्हणाले, "आलाच आहात तर अभ्यासाला बसा." पुढच्या बुधवारी ते पॅकिंगच्या ताईंना घेऊन आले, त्याच्या पुढच्या बुधवारी गाडीवाला. यांतलं कोणी कधी चर्चमध्ये गेलेलं नाही की प्रार्थनेला. टेबलाशी तुझी माणसं बसतात, खुर्ची तेवढी तुझी रिकामी.

कुठलं वचन काढलं असेल ओळख बघू. बरोबर. तेच.

उत्तराची वाट बघत नाही. (बघते.)

तुझी, कागदोपत्री तरी अजून


३० जानेवारी

पुढारी,

उत्तर नाही. बरं. मी लिहिणार.

बाबांनी मंडळींना पद्धत समजावून सांगितली. एक वचन घ्यायचं आणि ते संपेपर्यंत पुढे जायचं नाही. वचनात जितकी माणसं असतील ती आपसात वाटून घ्यायची आणि ज्याच्या वाट्याला जो येईल त्याने 'मी' म्हणून बोलायचं. पुढच्या बुधवारी वाटे बदलायचे. प्रत्येकाचा प्रत्येक वाटा होऊन गेला की वचन संपलं. भट्टीकाका म्हणाले, "म्हणजे पाळी बदलते तसं." बाबा इतके खूश झाले! लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला हे सगळं नाटक वाटायचं, तुला आठवत असेल. मी हसायची आणि तू टेबलाखालून पाय मारायचास.

वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आहे. बाबांचा नंबर पुन्हा वाढला. मी स्वतः काचा घासून दिल्या, तरी बारीक अक्षर त्यांना लागत नाही. तर मी वाचते. राजाच्या भीतीने पळालेला दावीद एका गुहेत लपतो. ते कळल्यावर त्याच्याभोवती माणसं जमायला लागतात. कोण, तर जे अडचणीत आहेत ते, ज्यांच्यावर कर्ज आहे ते, आणि ज्यांचं मन कडू झालंय ते. चारशेच्या आसपास. आणि तो त्यांचा नायक होतो.

भट्टीकाकांनी कडू मनाचा माणूस घेतला. म्हणाले, "मी कडू आहे. मला भाजलं म्हणून नाही. भाजल्यावर त्यांनी आधी ट्रे उचलला, मग मला." एवढंच बोलले आणि चहा ओढायला लागले. ताईंनी अडचणीतली बाई घेतली. बाबा म्हणाले, वचनात बाई नाहीये. तर ताई म्हणतात, "मग चारशे माणसांचं जेवण कोण करत होतं? हवेवर जगत होते का?" बाबा म्हणाले, "इतकी वर्षं हे वचन वाचतोय, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही." मग हसायला लागले आणि हसता हसता खोकला आला, आणि तो थांबेना. ते जाऊ दे.

नायकाचा वाटा घ्यायला कोणी तयार नाही. गाडीवाल्याला दिला तर तो म्हणाला, "तो त्यांचा आहे, आम्ही कसा घ्यायचा?"

त्या दिवशी तुमचं दोघांचं याच वचनावरून वाजलं होतं, हे मी मंडळींना सांगितलं नव्हतं. बाबांनीच सांगितलं. संप करायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ते तुला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बघ, तुझ्याभोवती कोण जमलंय." तू ताडकन उठलास. "म्हणजे माझी माणसं भणंग आहेत, असंच ना?" आणि तिथून पुढे तुम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांशी बोलला नाहीत. मलाही तेव्हा वाटलं होतं की म्हातारा टोमणाच मारतोय.

बाबा काकांना म्हणाले, "मला म्हणायचं होतं की जे धडधाकट असतात, ज्यांचं सगळं ठीक चाललेलं असतं, ते राजाच्या दारात जातात. गुहेत येतो तो फक्त माणूस बघून येतो. मी त्याला म्हणणार होतो, तुझ्याकडे खरी माणसं आली आहेत, त्यांना जप. त्याने पुढचं ऐकलंच नाही." मग म्हणाले, "आणि मीही त्याच्या मागे गेलो नाही. मला वाटलं, मुलगा आहे, येईल."

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. बाबांना मी लिहिते हे माहीत नाही.

तुझी


२२ फेब्रुवारी

पुढारी,

आज जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आई अभ्यासाच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात बसतात, हे तुला ठाऊक आहेच. विणकाम मांडीवर, एक कान इकडे. जन्मात कधी वाटा घेतला नाही त्यांनी. आज बाबा नायकाचा वाटा पुन्हा फिरवत होते, सगळे माना खाली घालून बसले होते. आई उठल्या, लोकर खाली पडली तीही उचलली नाही, आणि सरळ तुझ्या खुर्चीत येऊन बसल्या. "द्या इकडे. मी घेते."

आणि बोलल्या. मी तसंच्या तसं लिहिते.

"मी लपायला आलोय. मला कोणी यायला नको होतं. एकटा असतो तर रडलो असतो, झोपलो असतो, पळालो असतो. आता ही सगळी माझ्या तोंडाकडे बघत बसलीत. सकाळी उठलं की बघतात. जेवताना बघतात. ह्यांना वाटतंय मला पुढचं माहीत आहे. मला काही माहीत नाही. मी हो म्हणालो तेव्हा मला वाटलं होतं चार दिवसांचं काम आहे. आता त्यांच्या घरचं पोरगं आजारी पडलं तरी मला वाटतं, माझ्यामुळे. मला त्यांच्या समोर जायची लाज वाटते. मी कुणाला न सांगता निघून जाईन एक दिवस. मला त्यांचा राग नाही. मला त्यांचे डोळे सहन होत नाहीत."

मग त्या टेबलावरची आपली बोटं बघत राहिल्या.

मी तुझी बायको. मला हे सुचलं नाही रे. मला फक्त एवढंच वाटत होतं की तू काढता पाय घेतलास. "सगळ्यांच्या कामाची सोय लावतो आणि कळवतो" म्हणालास आणि गायब झालास. मी इतके महिने तुझ्यावर दात खाऊन होते. अजूनही आहे, उगीच खोटं कशाला बोलू. पण आज पहिल्यांदा तू मला दिसलास.

पॅकिंगच्या ताई पदरात तोंड लपवून रडत होत्या. भट्टीकाका आईंकडे बघून बोलले, जसा काही तूच समोर बसला होतास. "अरे, मग सांगायचं होतंस. तुला माहीत नाही हे आम्हाला माहीत होतं. आम्ही काय दूधखुळे आहोत? आम्ही उत्तर मागायला आलोच नव्हतो. एकट्याने फाटकाबाहेर उभं राहवत नव्हतं, म्हणून तुझ्या शेजारी येऊन उभे राहिलो."

ताईंना शाळेच्या खानावळीत काम मिळालंय. काका एका बंगल्याच्या दारावर बसतात. मिळालं सगळ्यांना काही ना काही. धड नाही, पण मिळालं. तुझ्यामुळे कोणी मेलं नाही. हे तू नीट वाच, आणि पुन्हा एकदा वाच.

तुझी


१३ मार्च

पुढारी,

माझ्या हातून एक घोटाळा झाला. या घरात जन्मलेल्या माणसाच्या हातून तो कधी झाला नसता.

एका वचनावर थांबायचं असतं, ते संपेपर्यंत पुढे वाचायचं नाही, हे तुम्हा लोकांच्या रक्तात आहे. मी वाचत होते, ओळ संपली, मी आपली पुढे वाचत गेले. दुकानात ग्राहकाला तक्ता वाचायला लावतो ना, खालच्या ओळीपर्यंत, तशी. कोणी मला थांबवलं नाही. बाबांनीही नाही.

तर पुढे असं आहे. दावीद गुहेतून निघून मवाबच्या राजाकडे जातो. परका मुलूख, परका राजा. आणि त्याला सांगतो, देव माझं काय करणार आहे ते मला कळेपर्यंत माझ्या आईबापांना तुमच्याकडे राहू द्या. आणि त्यांना तिथे ठेवून जातो.

मी पुस्तक खाली ठेवलं. तोंडात मारल्यासारखं झालं मला. कारण दारात उभा राहून, बॅग खांद्यावर टाकून, तू मला काय म्हणाला होतास? "माझं काय होतंय ते कळेपर्यंत आईबाबांना बघ." मला वाटलं होतं घाईत बोलून गेलास. लहानपणापासून ऐकलेलं तोंडात आलं असेल तुझ्या, तुलाही कळलं नसेल. की कळलं होतं? मला तेवढं एक सांग.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही आठवलं असणार, ते आतल्या खोलीतून ऐकत होते. मी म्हणाले, "म्हणजे मवाबचा राजा मी." मी चिडूनच म्हणाले, पण ताईंना हसू फुटलं, मग काकांना, मग आईंना सुद्धा. गाडीवाल्याने मला वाकून नमस्कार केला, महाराज म्हणून.

बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "त्याने तुला परकं समजून नाही ठेवलं आम्हाला. दाविदाच्या बापाची आजी मवाबचीच होती. सून म्हणून आली होती घरात. नवरा गेला, तरी सासूला सोडून गेली नाही. म्हणून त्याला तो मुलूख आठवला. माणूस आईबापांना ठेवतो ते जिथे विश्वास असतो तिथे."

मी उठून चहा टाकायला गेले. चहा सगळ्यांचा होऊन गेलेला होता.

मी तुझी बायको आहे की नाही ते मला हल्ली कळत नाही. पण तुझ्या आईबापांचा राजा आहे, एवढं नक्की. तेव्हा यापुढे सही तशीच.

मवाबचा राजा


२ एप्रिल

पुढारी,

जानेवारीत मी तुला खोकला लिहिला होता. तो खोकला नव्हता. तेव्हाही मला माहीत होतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरून मला दाखवला होता, दोन्ही बाजूंनी पांढरं. बाबांनी मला बजावलं, "त्याला दयेने आणायचं नाही." म्हणून मी लिहिलं नाही. आता त्यांचं ऐकण्याचे दिवस राहिले नाहीत.

ते आता पलंगावरूनच अभ्यास घेतात. टेबल आम्ही खोलीत ओढून नेलंय, दरवाजा अर्धाच उघडतो, भट्टीकाकांना पोट आत घेऊन यावं लागतं. बाबांना बोलायला धाप लागते, त्यामुळे ते एकच प्रश्न घेऊन बसलेत. त्या आईबापांचं पुढे काय झालं?

मला शोधायला लावलं. दुकानातून आले की बोटाने ओळ ओळ बघत जाते. मुलगा राजा झाला, लढाया झाल्या, घर बांधलं, लेकरं झाली, रडला, गायला, सगळं आहे. त्याच्या बरोबरच्या शूर माणसांची नावं सुद्धा आहेत. आईबापांचं एवढंच, की तो गडावर होता तोवर ती मवाबच्या राजाकडे राहिली. मग काही नाही. परत नेलं का? आईला भेटला का? बाप कधी गेला? एक शब्द नाही. मी बाबांना म्हणाले, विसरले असतील लिहायला. बाबा म्हणाले, "विसरले नसतील. लिहिणारा मुलाबरोबर होता ना. त्या घरात कोणी लिहिणारं नव्हतं."

काल सकाळी त्यांनी मला बूट मागितले. काळे, नाड्यांचे. म्हणाले, "वचनाच्या आधी काय आहे ते तू वाचलंस का? माणसं जमायच्या आधी, त्याचे भाऊ आणि बापाचं सगळं घर हे ऐकून त्याच्याकडे खाली गेलं. आधी बाप गेला होता. चारशे नंतर आले. मीच उशीर केला. मला त्याच्याकडे ने." मी बूट पुसून पलंगाखाली ठेवले. गाडीवाला तयार आहे, मागे गादी टाकून नेतो म्हणतो. डॉक्टर म्हणाले, आपल्या खालच्या फाटकापर्यंतही पोचणार नाहीत.

तर तू ये. मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे, हे मागते. या रविवारी दुपारी गाडीवाला तुझ्या गोदामाच्या मागच्या दाराशी येऊन थांबेल. तो काही विचारणार नाही, तसं त्याला मी दटावून सांगितलंय. इथेही कोणी काही विचारणार नाही. काका म्हणाले, "त्यांना सांगा, आम्ही बघणार नाही त्यांच्याकडे. खाली बघत बसू."

मान फिरवू नकोस.

मवाबचा राजा


१८ एप्रिल

पुढारी,

गाडीवाला अंधार पडेपर्यंत थांबला. मग आत जाऊन विचारलं. मुकादम म्हणाले, तू दोन दिवसांपूर्वीच हिशेब करून काम सोडलंस. कुठे ते सांगून गेला नाहीस. फळीवर तुझ्या नावाने पडून असायची ती पत्रं मात्र सगळी घेऊन गेलास. उघडलेली होती, ते म्हणाले. उघडून पुन्हा नीट घड्या घातलेली.

पुढचा पत्ता सोडला असशील या आशेवर हेही तिथेच धाडते.

गाडीवाला परत आला तेव्हा बाबा जागे होते. एकटा आलेला त्यांनी पाहिला. मी काहीतरी थाप मारणार होते, त्यांनी हात वर केला. म्हणाले, "निघालाय तो. पोचायला वेळ लागतो." मला खरंच कळलं नाही, की ते मला समजावत होते की त्यांना तसंच वाटत होतं. मी मान हलवली.

मंगळवारी सकाळी ते गेले. मी त्यांचा चष्मा पुसत होते. दे म्हणून हात पुढे केला, मी चढवला, त्यांनी दाराकडे पाहिलं, आणि मग ते दाराकडेच बघत राहिले. मी बराच वेळ तशीच उभी होते. आईंनी येऊन चष्मा काढून घेतला.

मी रडले, ते तुझ्यासाठी नव्हे. माझे बाबा गेले म्हणून रडले. मला बाप नव्हता, तुला माहीत आहे. तुझा घेतला होता.

त्यांना उचलायला कोण, असा प्रश्न पडला नाही. मी कुणाला कळवलं नव्हतं, तरी सकाळपासून जिना भरला. भट्टीकाका, गाडीवाला, पिठाच्या गोणी उचलणारे, रात्रपाळीचे, ज्यांची मला तोंडं सुद्धा माहीत नव्हती असे. सगळी तुझी माणसं. काकांनी भाजलेल्या हातानेच खांदा दिला. मी म्हणाले, दुसरा हात लावा, तर म्हणाले, "याच हाताने." पॅकिंगच्या ताई स्वयंपाकघरात शिरल्या आणि एवढ्या सगळ्यांचं जेवण त्यांनी केलं. ते काळे बूट आईंनी त्यांच्या पायांत घातले. कोणी म्हणालं, कशाला? आई म्हणाल्या, "त्यांना जायचं होतं."

कोणी तुझ्याबद्दल विचारलं नाही. तरी जिन्यात पावलं वाजली की सगळे वळून बघायचे आणि मग एकमेकांची नजर चुकवायचे.

बुधवारी मंडळी पुन्हा आली. आता वचन कोण घेणार? आई म्हणाल्या, तेच घ्या, संपलेलं नाही. नायकाचा वाटा सगळ्यांचा होऊन गेला, एक तुझा राहिलाय. तो झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा बाबांचा नियम.

मला तुझा राग येतो. दररोज येतो. आणि तू काम सोडलंस ते इकडे यायलाच सोडलंस, रस्त्यात धीर खचून कुठेतरी थांबला असशील, असंही मला दररोज वाटतं. दोन्ही एकदमच वाटतं.

शास्त्रात पुढचं नाही. लिहिणारा त्या घरात नव्हता. मी आहे, तर लिहून ठेवते. मुलगा गडावर असताना बाप मवाबात वारला. मुलावर रागावून वारला नाही. त्याला खांदा द्यायला गुहेतली माणसं आली होती. आई अजून मवाबच्या राजाकडेच आहे. गुडघे दुखतात तिचे, पण दार वाजलं की राजाच्या आधी तीच उठते.

मवाबचा राजा